दंतोपचारपूर्व प्रतिजैव संरक्षण

दंतोपचारपूर्व प्रतिजैव संरक्षण : हृदयाचे जन्मजात व्यंग, झडपांचे विकार किंवा रोगप्रतिकारशक्तीची न्यूनता असलेल्या बालकाचा दात काढण्यापूर्वी अथवा हिरडीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी त्यास प्रतिजैव औषधाची एक मात्रा देऊन तोंडातील सूक्ष्मजंतूंमुळे दूरच्या इंद्रियात होऊ शकणारे संक्रामण टाळण्याच्या उपायास ही संज्ञा वापरली जाते. दाताच्या मुळाशी झालेला पू किंवा चेहऱ्यावर पसरलेली सूज बरी करण्यासाठी जी औषधे देतात, ती या संज्ञेत येत नाहीत. तेथे औषध झालेल्या रोगावर दिले जाते. येथे ते रोग होण्यापूर्वी व केवळ काही तासांच्या संरक्षणासाठी दिले जाते. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ज्यांना गरज नाही अशा अनेक मुलांना औषध मिळते आणि ज्या मोजक्या मुलांना त्याची खरी गरज असते, ती पुष्कळदा त्यापासून वंचित राहतात. या उपायाच्या सु. शतकभराच्या इतिहासाचे सार या एका विसंगतीत सामावले आहे.

शास्त्रीय आधार : निरोगी माणसाच्या तोंडातही असंख्य सूक्ष्मजंतू कायम वस्ती करून असतात. त्यांपैकी मालागोलाणूंचे काही प्रकार दातांवरील पुटात व हिरडीच्या कडेला विपुल आढळतात. दात उपटताना हिरडीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फाटतात आणि हे जंतू रक्तप्रवाहात शिरतात. या स्थितीस जंतुरक्तता म्हणतात. निरोगी बालकात रक्तातील व यकृत-प्लीहांतील संरक्षक कोशिका काही मिनिटांतच या जंतूंचा नाश करतात आणि पालकांना त्याची जाणीवही होत नाही.

हृदयाच्या रचनेत दोष असल्यास मात्र परिस्थिती बदलते. अरुंद झालेल्या झडपेतून किंवा दोन कप्प्यांमधील पडद्यातील छिद्रातून रक्त वेगाने उसळते, त्यामुळे हृदयाचे नाजूक अस्तर खरवडले जाते आणि तेथे बिंबाणू व तंत्वी द्रव्य यांचा सूक्ष्म थर साचतो. रक्तात आलेले जंतू या थराला चिकटून वाढू लागले म्हणजे हृदंतस्तरशोथ, म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराची जंतुजन्य दाहयुक्त सूज, हा गंभीर रोग होतो. बारीक ताप, अशक्तपणा, वजन घटणे अशी त्याची सुरुवात इतकी सौम्य असते की, तो पुष्कळदा हिवताप किंवा क्षय समजून दुर्लक्षिला जातो. पुढे झडप फाटणे, गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होणे, हृदय निकामी होणे असे उपद्रव संभवतात. पेनिसिलीनपूर्व काळात हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरे. आजही त्याच्या उपचारास कित्येक आठवडे शिरेवाटे औषध द्यावे लागते आणि तरीही काही रुग्ण दगावतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. संधिज्वर या बालरोगामुळे हृदयाच्या झडपा बिघडतात. त्यास कारणीभूत असलेले मालागोलाणू घशात संक्रामण करतात. ते दातांवरील पुटात राहणाऱ्या मालागोलाणूंहून वेगळे असतात. एकामुळे झडप विद्रूप होते, तर दुसरा पुढे त्या विद्रूप झडपेवर ठाण मांडतो. या दोन जंतूंविरुद्ध करावयाचे प्रतिबंधक उपायही म्हणूनच वेगवेगळे आहेत.

इतिहास : विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत या रोगाचे पद्धतशीर वर्णन केले. टॉमस होर्डर यांनी १९०९ मध्ये १५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला व तोंडातील मालागोलाणूंशी असलेला रोगाचा संबंध स्पष्ट केला. दातांचा व हृदयाचा हा संबंध प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय ओकेल व एलियट या ब्रिटिश संशोधकांकडे जाते. त्यांनी १९३५ मध्ये १३८ व्यक्तींचे दात काढल्यानंतर लगेच त्यांच्या रक्ताचे संवर्धन केले, तेव्हा सु. ६१ टक्के व्यक्तींच्या रक्तात मालागोलाणू आढळले. हिरड्यांचा रोग असलेल्यांपैकी सु. ११ टक्के व्यक्तींच्या रक्तात तर दात काढलेला नसतानाही ते सापडले. या दुसऱ्या आकड्याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. त्याचे महत्त्व पुढे सत्तर वर्षांनी ध्यानात आले.

दात काढल्याने जंतू रक्तात जातात, तर ते जाण्यापूर्वीच रक्तात औषध असावे, हा विचार साहजिक होता. प्रथम १९४०-५० या दशकाच्या आरंभी सल्फा औषधांचा व लवकरच पेनिसिलिनाचा या कामी उपयोग होऊ लागला. अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने १९५५ मध्ये या विषयावरील आपली पहिली शिफारस प्रसिद्ध केली. तीनुसार दंतोपचारापूर्वी अर्धा तास पेनिसिलिनाची स्नायूत टोचावयाची मात्रा सुचविण्यात आली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये या कारखान्याची स्थापना झाली होती. तोवर परदेशातून येणारे हे औषध महाराष्ट्राच्या भूमीवर तयार होऊ लागले आणि जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्यात येऊ लागले.

यानंतरच्या तीन दशकांत शिफारशींची व्याप्ती वाढत गेली. झडपांचे व रचनेचे बहुतेक सर्व दोष यादीत आले, टोचणीच्या जोडीला तोंडाने घ्यावयाची औषधे आली, उपचारानंतरही एक-दोन दिवस मात्रा सुरू ठेवण्याचा प्रघात पडला. १९९० च्या सुधारित शिफारशीत प्रौढांसाठी ॲमॉक्सिसिलिनाची ३ ग्रॅ. मात्रा एक तास आधी व त्याच्या निम्मी सहा तासांनंतर असा क्रम होता. १९९७ मध्ये नंतरची मात्रा वगळून प्रौढांसाठी २ ग्रॅ. व बालकांसाठी शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ५० मिग्रॅ. अशी एकच मात्रा ठरविण्यात आली.

व्याप्तीचा संकोच : या उपायाने रोग खरोखर टळतो का, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. रोग विरळ असल्यामुळे त्याची खात्रीलायक चाचणी घ्यावयाची, तर फार मोठ्या संख्येने रुग्ण लागतील, ही मुख्य अडचण होती. दरम्यान असे दिसून आले की, जंतू केवळ दात काढतानाच रक्तात जात नाहीत. घास चावताना व दात घासतानाही ते जातात. अमेरिकेत २९० व्यक्तींवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधाविना दात काढल्यावर ६० टक्के, ॲमॉक्सिसिलीन देऊन दात काढल्यावर ३३ टक्के आणि नुसते दात घासल्यावर २३ टक्के व्यक्तींच्या रक्तात जंतू आढळले. दंतवैद्याकडे जाण्याचा प्रसंग वर्षातून एखादा येतो, तर दात रोज घासले जातात. तेव्हा वर्षभरातील एकूण जंतुरक्ततेचा विचार केल्यास एका मात्रेचा वाटा अल्प आणि स्वच्छ हिरड्यांचा वाटा मोठा ठरतो.

या विचारसरणीस अनुसरून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये यादी एकदम लहान केली. रोग झाल्यास ज्यांच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो, अशांनाच मात्रा द्यावी असे ठरले. कृत्रिम झडप बसविलेले; हा रोग पूर्वी होऊन गेलेले; शरीर निळे पडणारा जन्मजात हृद्‌विकार असून शस्त्रक्रिया न झालेले; कृत्रिम द्रव्य वा साधन वापरून दोष दुरुस्त केल्यापासून सहा महिने न झालेले; दुरुस्तीनंतरही त्या साधनालगत दोष शिल्लक राहिलेले; आणि हृदयारोपणानंतर झडपेचा विकार झालेले रुग्ण असे हे गट होत. ब्रिटनमधील राष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये याही पुढे जाऊन ही प्रथा सर्वांसाठीच बंद करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर इंग्लंडमध्ये या रोगाचे प्रमाण वाढत असल्याचे काही संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले. वाढीचे कारण निर्विवाद सिद्ध झाले नसले, तरी २०१६ मध्ये त्या सल्ल्यात ‘नित्यनियम म्हणून’ देऊ नये अशा अर्थाची दुरुस्ती करून वैद्याच्या विवेकास वाव देण्यात आला. अमेरिकन संस्थेने २०२१ मध्ये २००७ ची यादी पुन्हा ग्राह्य धरली.

भारतातील विशेष प्रश्न : नव्या यादीतून संधिज्वरजन्य झडपविकार वगळला गेला. पाश्चात्त्य देशांत हा रोग दुर्मीळ झाल्यामुळे तेथे त्याचा फारसा परिणाम जाणवला नाही. भारतात मात्र तो शालेय वयातील मुलांत आढळतो व त्याची गती तीव्र असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, पाश्चात्त्य देशांत सामान्यतः प्रौढ वयात दिसणारे द्विदल झडपेचे आकुंचन भारतात किशोरवयातच तीव्र स्वरूपात आढळते. ज्या देशांत हा रोग टिकून आहे, तेथे वेगळा निर्णय घेतला गेल्याची उदाहरणे आहेत. न्यूझीलंडने २००८ मध्ये संधिज्वरजन्य झडपविकार यादीत कायम ठेवला. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी तेथील आदिवासी रुग्णांसाठी तो यादीत घेतला. त्यामागील तर्क असा की, ज्या समाजात दंतवैद्य दूर आहे, किडलेले दात पुष्कळ आहेत आणि रोग उशिरा ओळखला जातो, त्या समाजाला दंतवैद्य जवळ असलेल्या समाजाचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. अशा मुलाबाबत निर्णय हृद्‌रोगतज्ज्ञ व दंतवैद्य यांनी मिळून घ्यावा, हे श्रेयस्कर होय.

संधिज्वर झालेल्या बालकास तो पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीन टोचले जाते. ही टोचणी चालू आहे, म्हणून दात काढताना निराळ्या संरक्षणाची गरज नाही, असा समज पालकांत असतो. तो बरोबर नाही. तिची रक्तातील पातळी घशातील जंतूंसाठी पुरेशी, पण तोंडातील जंतूंसाठी अपुरी असते. शिवाय दीर्घकाळ पेनिसिलीन घेणाऱ्यांच्या तोंडातील मालागोलाणू त्यास दाद देईनासे झालेले असू शकतात. म्हणून दंतोपचारापूर्वी संरक्षण द्यावयाचे ठरल्यास ते दुसऱ्या वर्गातील औषधाने दिले जाते. नियमित टोचणी मात्र खंडित करावयाची नसते.

यवतमाळ जिल्ह्यातील संदर्भ : ब्रिटिश अमदानीत १९०५ पर्यंत वणीच्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा सु. १३,५८२ चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेला असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव इ. तालुक्यांत कोलाम, गोंड, परधान या आदिवासी जमातींची वस्ती आहे. विदर्भातील विशेष दंतोपचारासाठी दीर्घकाळ नागपूर हाच आधार होता. तेथील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले. यवतमाळहून ते सु. १५० किमी. आणि झरी-जामणीच्या पाड्यावरून त्याहूनही गैरसोयीचे आहे. यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये स्थापन झाले. वसंतराव नाईक यांचे नाव त्यास दिलेले आहे. सावंगी येथे वर्ध्याजवळ दंत महाविद्यालय १९९१ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमास २०१४-१५ मध्ये प्रारंभ झाला.

अंतर हा केवळ प्रवासाचा प्रश्न नाही. दात दुखू लागल्यावर लवंगेचे तेल, तंबाखूची मशेरी किंवा दुकानातील वेदनाशामक गोळी यांवर दिवस काढले जातात. दात वाचविण्याची वेळ निघून जाते आणि शेवटी तो काढावाच लागतो. म्हणजे रक्तात सर्वाधिक जंतू सोडणारा उपचार नेमका तेथेच वारंवार करावा लागतो, जेथे मुलाच्या हृदयाची तपासणी होण्याची शक्यता सर्वांत कमी असते. संरक्षक मात्रेचा नियम दंतवैद्यास ठाऊक असूनही त्याचा उपयोग होत नाही, कारण मुलाच्या हृदयात दोष आहे हे कोणासच माहीत नसते.

या दृष्टीने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महत्त्वाचा ठरला. महाराष्ट्रातील पालघर येथे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शासकीय शाळांना एकदा भेट देऊन बालकांची तपासणी करतात. तपासावयाच्या विकारांच्या यादीत जन्मजात हृद्‌विकार, संधिज्वरजन्य हृद्‌विकार व दातांची कीड या तिन्हींचा समावेश आहे. एकाच मुलाची छाती व तोंड एकाच दिवशी तपासली जाण्याची ही व्यवस्था ग्रामीण व आश्रमशाळांतील मुलांसाठी पूर्वी नव्हती. छातीत कुरकुर ऐकू आलेल्या मुलाच्या तपासणीपत्रावर दातांचीही नोंद असेल, तर हृदयावरील शस्त्रक्रियेपूर्वीच किडलेल्या दातांचा बंदोबस्त करता येतो. शस्त्रक्रियेचा खर्च उचलणाऱ्या राज्य शासनाच्या आरोग्य योजनेचा २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आरंभ झाला व २०१३ मध्ये ती यवतमाळसह राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. या योजनेमुळे शस्त्रक्रिया झालेली, म्हणजेच निदान सहा महिने संरक्षणाची गरज असू शकणारी मुले आता खेड्यांतही आढळतात. त्यांच्या पालकांजवळ शस्त्रक्रियेचा प्रकार, दिनांक व संरक्षणाची आवश्यकता नोंदलेले कार्ड असणे इष्ट असते.

जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण जास्त असल्यामुळे मुलांच्या दातांवर पांढरट वा तपकिरी डाग पडतात. ही कीड नव्हे. अशा दातांमुळे हृदयास धोका नसतो व डागांसाठी प्रतिजैव औषधे देण्याचे कारण नाही.

दात्रकोशिका विकार : रक्तातील तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होणारा हा आनुवंशिक विकार—सिकल सेल—विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरी भागात आढळला. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी शुक्ल व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. या विकारात प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि रक्तातील जंतू गाळण्याची शरीराची क्षमता घटते. लहान मुलांना रोज पेनिसिलीन दिल्यास न्यूमोनियाच्या जंतूंचे तीव्र संक्रामण ८४ टक्क्यांनी घटते, असे अमेरिकेतील एका चाचणीत १९८६ मध्ये सिद्ध झाले. तथापि या नित्य औषधावरून प्रत्येक दंतोपचारापूर्वी वेगळी मात्रा दिली पाहिजे, असा निष्कर्ष निघत नाही. तसा पुरेसा पुरावा नाही. या मुलांच्या बाबतीत दातातील पू हाच मोठा धोका असतो, कारण त्याने तीव्र वेदनांचा झटका उद्‌भवू शकतो. त्यामुळे दातांच्या संक्रामणावर विनाविलंब उपचार करणे, उपचाराच्या वेळी मुलास उपाशी व तहानलेले न ठेवणे आणि त्याच्या वैद्याशी आधी विचारविनिमय करणे यांस महत्त्व आहे. रक्ताचा कर्करोग किंवा त्यावरील औषधे यांमुळे पांढऱ्या कोशिका फार घटलेल्या मुलांत तातडीचे नसलेले दंतोपचार कोशिकांची संख्या वाढेपर्यंत पुढे ढकलतात.

सध्याची पद्धती : ज्या बालकास संरक्षणाची गरज आहे असे ठरते, त्यास उपचारापूर्वी ३० ते ६० मिनिटे ॲमॉक्सिसिलीन दर किग्रॅ. वजनास ५० मिग्रॅ., परंतु एकूण २ ग्रॅ. पेक्षा अधिक नाही, अशी एकच मात्रा तोंडाने देतात. २० किग्रॅ. वजनाच्या मुलास ही मात्रा १ ग्रॅ. होते. देण्याचे राहून गेल्यास उपचारानंतर दोन तासांच्या आत ती देता येते. पेनिसिलिनाची ॲलर्जी असल्यास अन्य औषध निवडतात; पूर्वी वापरले जाणारे क्लिंडामायसीन त्याच्या आतड्यांवरील घातक दुष्परिणामांमुळे २०२१ च्या शिफारशीतून वगळण्यात आले आहे. मूल आधीच एखादे प्रतिजैव घेत असेल, तर तातडी नसलेला दंतोपचार ते संपल्यानंतर निदान दहा दिवसांनी करणे हितावह असते.

हिरडीला किंवा दाताच्या मुळाच्या टोकाला हात लागेल अथवा तोंडातील अस्तर छेदले जाईल, अशाच उपचारांना हा नियम लागू आहे. क्ष-किरण चित्र घेणे, निरोगी भागात बधिरतेची सुई टोचणे, काढता-घालता येणारी कवळी वा तार बसविणे यांसाठी मात्रा लागत नाही. दुधाचा दात आपोआप पडणे किंवा पडल्यामुळे ओठ फुटणे यांसाठीही ती लागत नाही.

निरोगी मुलांना दात काढण्यापूर्वी वा नंतर ‘खबरदारी म्हणून’ पाच दिवसांचे औषध देण्याची प्रथा शास्त्रास धरून नाही. तिच्यामुळे जुलाब, पुरळ व क्वचित प्राणघातक ॲलर्जी संभवते आणि औषधास दाद न देणारे जंतू वाढतात. हे जंतू घेणाऱ्यापुरते राहत नाहीत; घरात व गावात पसरतात आणि ज्या मुलाच्या हृदयासाठी ते औषध राखून ठेवावयास हवे, त्याच्यावर ते निष्प्रभ ठरते.

मौखिक स्वच्छता : हृद्‌विकार असलेल्या बालकाच्या संरक्षणात औषधी मात्रेचे स्थान दुय्यम असून निरोगी हिरड्यांचे प्रमुख आहे, याविषयी आता परस्परविरोधी शिफारशी करणाऱ्या संस्थांतही एकमत आहे. दिवसातून दोनदा फ्ल्युओराइडयुक्त पेस्टने दात घासणे, रात्री बाटलीतून गोड दूध न पाजणे आणि दर सहा महिन्यांनी दंततपासणी करून घेणे या त्यातील मुख्य बाबी आहेत. पाण्यात फ्ल्युओराइड अधिक असलेल्या गावांत लहान मुलांना पेस्ट अत्यल्प द्यावी व ती गिळू देऊ नये. दात घासताना हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करण्याकडे पालकांचा कल असतो. वस्तुतः ते हिरडीच्या आजाराचे लक्षण असून अशा वेळी घासणे चालू ठेवून दंतवैद्यास दाखविणे आवश्यक असते. त्याचप्रमाणे हृद्‌विकार असलेल्या मुलास आठवडाभराहून अधिक ताप राहिल्यास प्रतिजैव औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचे संवर्धन करून घ्यावे लागते. औषध आधी सुरू झाले, तर जंतू रक्तात सापडत नाहीत व निदान लांबते.